गाळावर पहारा

काकू दुकानात शिरल्या की मी हातातलं काम बाजूला ठेवायचो. औषधाचं दुकान आहे माझं. गोळ्यांची पट्टी हातात पडली की त्या कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायच्या, तारीख वाचायच्या, पट्टी उलटी करायच्या, पुन्हा वाचायच्या आणि मग माझ्याकडे अशा बघायच्या की मलाच वाटायचं, आपल्या हातून काहीतरी घडलंय.

"ही छापलेली तारीख खरी कशावरून?" त्यांनी एकदा विचारलं.

"काकू, तारीख कंपनी छापते. मी नाही."

"तेच तर म्हणतेय मी."

सगळं गाव त्यांना काटेकाकू म्हणायचं. वेशीवर ट्रकांचा वजनकाटा आहे, तिथे त्यांनी उभी हयात काढली, म्हणून काटेकाकू. बोलणं टोचायचं, म्हणूनही. दोन्ही अर्थ त्यांना ठाऊक होते आणि दोन्हींबद्दल तक्रार नव्हती. वाळूवाले पाणी मारून वजन वाढवायचे, भंगारवाले तळाशी दगड भरायचे, कुणी एक चाक हळूच काट्याच्या कडेबाहेर ठेवायचं. काकू काचेच्या खोलीतून बाहेर येऊन ट्रकभोवती एक फेरी मारायच्या. एकदा त्यांनी एका चालकाच्या केबिनमधलं पांघरूण ओढलं, तर खाली त्याचा धिप्पाड मेव्हणा निजलेला. काकूंनी विचारलं, "मेव्हणाही वाळूच्याच भावात विकताय का?" ही गोष्ट गावात अजून सांगतात.

नोकरी संपली तरी सवय गेली नाही. दूधवाल्याचं माप, विजेचं मीटर, शेजारणीचं हसणं, सगळं त्या तपासूनच घ्यायच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. लग्नाच्या दिवशी त्यांनी म्हणे नवऱ्याचे बूट निरखून पाहिले होते, उसने तर नाहीत ना म्हणून. हे त्यांचा थोरला भाऊ सांगायचा आणि डोळ्यांत पाणी येईतो हसायचा.

या भावाला सगळे दादाच म्हणत. काकूंनी आयुष्यात संशय घेतला नाही असा माणूस एकच, तो हा दादा. वडील गेले तेव्हा काकू लहान होत्या. दादाने शाळा सोडली, खाणीत खनिज धुण्याच्या कारखान्यावर लागला आणि बहिणीला शिकवलं. पुढे तिला काट्यावर चिकटवलं तेही त्यानेच. दादा म्हणाला ऊन पडलंय, तर काकू खिडकीबाहेर न बघता कपडे वाळत टाकायच्या.

आता खाणीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या नदीच्या वरच्या अंगाला शिशाची खाण होती. तीन पिढ्या एका कंपनीने ती चालवली. मग एका वर्षी मोठा पूर आला, नदीकाठच्या घरांत कमरेइतकी वाळू भरली, आणि तो ओसरतोय तोवर कंपनीने खाण आता परवडत नाही म्हणून गाशा गुंडाळला. गावावर कुऱ्हाडच कोसळली. तेव्हा दादा पुढे झाला. कामगारांची समिती केली आणि खाण त्यांनी स्वतःच चालवली. अकरा वर्षं चालवली, जमिनीत खरंच काही उरलं नाही तोवर. त्या काळात गावातलं एकही घर कुलूप लावून बाहेर गेलं नाही. कामगार सभागृहात दादाचा फोटो आहे, हातात फावडं घेतलेला, दात दाखवून हसणारा.

खाण बंद होऊनही बरीच वर्षं लोटली. मग शाळेतल्या मुलांच्या रक्ततपासण्या झाल्या आणि किती तरी मुलांच्या रक्तात शिसं निघालं. नदीच्या मळ्यांत पुराचं पाणी येतं, त्याबरोबर गाळ येतो आणि गाळात शिसं. कंपनीने नदी विषारी केली, आता तिनेच ती साफ करून द्यावी, म्हणून समितीने कंपनीवर दावा लावला. दावा लावण्यातही दादाच पुढे. कंपनी म्हणाली, आमच्याकडे निवळीचं तळं होतं, कारखान्याचं घाण पाणी त्यात साठवून, गाळ खाली बसला की वरचं स्वच्छ पाणी आम्ही सोडायचो. आमचा काही संबंध नाही. दोन्हीकडचे वकील केस पांढरे होईतो भांडले असते. पण न्यायाधीशांनी सांगितलं, माणसांचं पुरे झालं, आता गाळालाच विचारा.

गावाखाली नदीला जुना बंधारा आहे. नदी जे जे वाहून आणते ते त्याच्यामागे साचत जातं. एका वर्षाचा थर, त्यावर पुढच्या वर्षाचा. तळाशी आजोबांचा काळ आणि वर आपला. त्या गाळात नळी रोवायची, थर न हलवता उभा नमुना काढायचा आणि कुठल्या थरात शिसं किती ते मोजायचं. हे काम एका संशोधक बाईंकडे सोपवलं गेलं.

बाई आल्या. पन्नाशीच्या, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, बोलणं मोजकं. आल्या त्याच दिवशी निम्म्या गावाला त्या कंपनीच्या वाटल्या आणि कंपनीच्या व्यवस्थापकाला त्या गावाच्या वाटल्या. प्रश्न असा पडला की नदी ते प्रयोगशाळा नमुन्यावर नजर कुणी ठेवायची? समितीने सुचवलेला प्रत्येक माणूस कंपनीने नाकारला, कंपनीचा प्रत्येक माणूस समितीने. शेवटी कुणीतरी थट्टेत म्हणालं, "काटेकाकूंना पाठवा." सगळे हसले. मग हसायचे थांबले. काकू समितीच्या पुढाऱ्याची बहीण, हे कंपनीला माहीत होतं. पण हाच व्यवस्थापक पूर्वी ट्रकांबरोबर काट्यावर यायचा. तो म्हणाला, "ही बाई स्वतःच्या सावलीचंही वजन करील. मला चालेल."

काकूंनी मात्र मला विचारलं, "त्याला मी का चालते? काय शिजतंय?"

नमुना काढायच्या दिवशी सगळं गाव काठावर जमलं होतं. बाईंचा तराफा म्हणजे पिंपांवर बांधलेल्या फळ्या. काकू छातीला फुगीर जाकीट बांधून त्यावर बसल्या. पोहता येत नव्हतं, पण काठावरून बघायला त्या तयार नव्हत्या. पारदर्शक नळी गाळात सरळ दाबली, वरून बूच ठोकलं आणि हलक्या हाताने ओढून काढली. खाली लगेच दुसरं बूच. आत उभा गाळ, तपकिरी, करडा, काळपट. काकूंनी स्वतःच्या पेनाने नळीवर वर जाणारा बाण काढला, दोन्ही बुचांवर चिकटपट्टी लावून सही केली.

"हा बाण कशाला?" बाईंनी विचारलं.

"उद्या तुम्ही उलटी धरलीत तर?"

बाईंना राग आला नाही. म्हणाल्या, "चांगलं केलंत. मीही काढते, पण तुमचा जाड आहे."

व्यवस्थापकाने आपली थंडगार गाडी देऊ केली. काकूंनी ती आतून बाहेरून पाहिली आणि नको म्हटलं. बाईंच्या खडखडणाऱ्या व्हॅनमध्ये त्या मागे बसल्या, नळी उभी, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घट्ट. सकाळी निघालेली व्हॅन दुपार कलल्यावर शहरात पोचली. वाटेत बाईंनी पाणी दिलं तर त्यांनी प्यायलं नाही.

प्रयोगशाळेत काकूंसाठी एक उंच स्टूल ठेवलं. पांढरा कोट दिला, तो त्यांच्या घोट्यापर्यंत आला. पुढचे कित्येक दिवस त्या स्टुलावर बसून होत्या. रात्री नमुना थंड कपाटात जायचा आणि कपाटाला काकूंचं घरून आणलेलं कुलूप लागायचं. किल्ली गळ्यातल्या दोरीला.

त्यांनी कशावर संशय घेतला नाही ते विचारा. बाई प्रत्येक थर कापताना सुरी बदलायच्या. काकू उठून उभ्या राहिल्या. "सारख्या सुऱ्या का बदलता?"

"एका थराची घाण दुसऱ्याला लागू नये म्हणून."

"आणि ही चाळणी प्लॅस्टिकची का? चांगली पितळेची आहे की तिथे."

"पितळेत जस्त असतं, थोडं शिसंही असतं. चाळणीचाच धातू गाळात आला तर मी कंपनीऐवजी चाळणीवर दावा लावायचा का?"

काकूंना हे उत्तर आवडलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. मग बाईंनी एका बाटलीत नुसतंच आम्ल घेतलं, गाळ न टाकता, आणि तीही यंत्रात लावायला ठेवली.

"ही रिकामी कशाला?"

"यंत्र आणि बाटली स्वतः काही खोटं घालत नाहीत ना, ते बघायला."

काकूंचा चेहरा एकदम मोकळा झाला. "म्हणजे आधी रिकामा ट्रक!"

"हो. आधी रिकामा ट्रक."

त्या दिवसापासून त्या बाईंच्या हातचा चहा प्यायला लागल्या. आधी बाईंनी घोट घेतल्यावर, पण प्यायला लागल्या.

आता मुख्य गोष्ट. नळी उभी चिरली तेव्हाची. दोन अर्ध्या झाल्या. एक कापायला, एक जपून ठेवायला. ओल्या गाळाच्या कापावर सगळे थर लख्ख दिसत होते. तळाकडे एक लांब करडा पट्टा. त्यावर जरा बरा, तपकिरी गाळ. त्यावर बोटभर जाडीची स्वच्छ वाळू. ही कुठली वाळू ते काकूंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या पुरात त्यांनी दादाबरोबर घरातून ती घमेल्याने उपसली होती. म्हणजे वाळूच्या खाली कंपनी आणि वाळूच्या वर कंपनी नाही.

आणि वाळूच्या वर, तळहाताएवढा रुंद, पिवळट राखाडी पट्टा होता. इतका गुळगुळीत की ओल्या सिमेंटसारखा चमकत होता.

"हे काय आहे?" काकूंनी विचारलं.

"मोजल्याशिवाय सांगणार नाही," बाई म्हणाल्या.

काकूंचा संशय त्या खोलीभर फिरला. नळी उलटी झाली असेल? बाण तर त्यांनीच काढला होता. वाटेत बदलली? ती त्यांच्या गुडघ्यांत होती. रात्री कुणी कपाट उघडलं? किल्ली गळ्यात होती. वाळू दुसऱ्या कुठल्या पुराची असेल? गाळात एक धातू असतो, तो ठरल्या गतीने विरत जातो आणि किती उरला त्यावरून थराचं वय कळतं, असं बाईंनी सांगितलं. काही आठवड्यांनी तेही मोजून झालं. वाळू त्याच पुराची निघाली. खालच्या करड्या पट्ट्यात भरपूर शिसं होतं. तो कंपनीचा पहिला काळ, निवळीचं तळं बांधायच्या आधीचा. मधल्या तपकिरी भागात पुष्कळ कमी. आणि वरच्या पिवळट पट्ट्यात, बोटभर गाळाला बोटभर गाळ लावून पाहिलं तर, सगळ्यांत जास्त.

संशयाला बसायला कुठेच जागा उरली नाही. काकूंनी मला नंतर सांगितलं, "तेव्हा मला काटा आठवला. समितीच्या खाणीचं खनिज माझ्याच काट्यावरून जायचं. प्रत्येक ट्रकभोवती मी फेरी मारली. धुतलेल्या खनिजाच्या एका ट्रकामागे दहा ट्रकांचा चोथा उरतो, हे शेंबड्या पोराला ठाऊक. तो चोथा कुठे जातो, हे मी एकदाही विचारलं नाही."

"का नाही विचारलंत?"

"दादाचा कारखाना होता," त्या म्हणाल्या.

अहवाल सभेच्या आधी दोन्ही बाजूंना मिळाला. व्यवस्थापकाने काकूंना माझ्याच दुकानात गाठलं. वरच्या थराबद्दल तो बाईंचं तोंड भरून कौतुक करत होता. मग हळूच म्हणाला, "खालच्या थराचं काय आहे काकू, नळी काढताना ती जरा हलली होती ना?"

"हलली होती ती तुमची मान," काकू म्हणाल्या. "नळी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा त्यांच्या घरी आला. स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या खुर्चीत बसला. काकूंनी चहा ठेवला.

"चिमे," तो म्हणाला. सबंध गावात त्यांना चिमे म्हणणारा तोच एक. "दिवसभर गाडीत होतीस. दुपारची वेळ. या वयात डुलकी लागते माणसाला."

"नाही लागली."

"मी विचारत नाहीये. सांगतोय. एवढंच म्हण सभेत, की वाटेत थोडा डोळा लागला होता. बाकी काही नको. वकील पुढचं बघेल. नवा नमुना निघेल, वर्ष दोन वर्षं जातील."

काकूंनी गॅस बंद केला, कप त्याच्यापुढे ठेवला. "दादा, तो वरचा थर खरा आहे का?"

दादाने कप दूर सारला. मग म्हणाला, "तू माझ्यावर संशय घेतेस?"

"विचारतेय."

"उभ्या जगावर घेतलास. माझ्यावर कधी घेतला नव्हतास."

"नव्हता घेतला," काकू म्हणाल्या. "म्हणून आता विचारतेय."

दादा चहा तसाच ठेवून उठला. दारात चपला घालताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला, हे काकूंनी पाहिलं. त्या पुढे झाल्या नाहीत. त्याने सांगितलेलं त्यांना जमलं असतं का, असं मी कधी विचारलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून डोकेदुखीची गोळी घेतली आणि तारीख न बघता पिशवीत टाकली.

सभा कामगार सभागृहात झाली. मीही होतो. बाईंनी थरांचं चित्र पडद्यावर दाखवलं आणि साध्या शब्दांत समजावून सांगितलं. बाई वाळूच्या वरच्या थराकडे वळल्या तशी कुजबुज वाढत गेली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "नमुना बदललाय!" मग सगळेच ओरडायला लागले. बाई विकल्या गेल्या, व्हॅन वाटेत थांबली होती, कुणी तरी कुणाला तरी तिथे पाहिलं होतं. दादा पहिल्या रांगेत बसला होता. फोटो बरोबर त्याच्या डोक्यावर.

काकू उठल्या. त्यांना माईक दिला, तर त्यांनी आधी तो चालू आहे का ते टकटक करून पाहिलं.

"नळी माझ्या गुडघ्यांत होती," त्या म्हणाल्या. "व्हॅन थांबली नाही. माझा डोळा लागला नाही. कुलूप माझं, किल्ली माझी. कुणाचा हात लागलेला नाही."

"पण काकू—"

"ऐका. कंपनीला खालचा थर खोटा हवाय आणि आपल्याला वरचा. एकाच नळीतली अर्धीच नळी कशी बदलतात ते मला सांगा, मग मी खाली बसते."

काकूंवर बसायची वेळ आलीच नाही. तशाच मधल्या वाटेने चालत बाहेर गेल्या.

पुढचे महिने वाईट गेले. त्यांच्या दारावर कुणीतरी डांबराने "विकली" असं लिहिलं. त्यांनी ते घासलं, पण दाराचा रंग निघाला आणि अक्षरं आणखी उठून दिसायला लागली. पिठाच्या गिरणीत त्या आल्या की बायकांचं बोलणं थांबायचं. ज्यांच्या पोरांच्या रक्तात शिसं होतं, त्यांच्या आयादेखील तोंड फिरवायच्या. दादाच्या बायकोशी, म्हणजे वहिनींशी, त्यांची गाठ माझ्या दुकानात पडली. दोघी गल्ल्यासमोर शेजारी शेजारी उभ्या.

"वहिनी, दादाचा खोकला कसा आहे?" काकूंनी विचारलं.

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्यांना सांगा, ज्या हाताने भरवलं तो हात चावला की खोकल्याची चौकशी करू नये." औषध न घेताच त्या गेल्या. नंतर मी ते घरपोच दिलं.

काकूंना माझाही संशय यायला लागला. मी वहिनींच्या बाजूने आहे का, अहवाल येण्याआधी दादा माझ्या दुकानात कशाला आला होता, व्यवस्थापक कुठल्या गोळ्या नेतो. एकदा तर मी सुटे पैसे परत दिले ते त्यांनी तीनदा मोजले. मला वाईट वाटलं. आधी निदान त्यांचा संशय येऊन जायचा. आता तो मुक्कामालाच आला होता.

मग एके दिवशी सकाळी दादा त्यांच्या दारात उभा राहिला. आत आला नाही.

"मला तो गाळ बघायचाय," तो म्हणाला.

"कशाला?"

"बघायचाय."

न्यायालयाचा निकाल अजून लागायचा होता. नमुन्याचा जपून ठेवलेला अर्धा भाग शहरात, काकूंच्याच कुलपात होता. तेवढाच पुरावा अखंड उरला होता. त्या किती तरी वेळ दादाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग आतून पिशवी घेऊन आल्या आणि दोघं बसने शहराला गेले. वाटेत बोलणं झालं ते एवढंच, की खिडकी लावू का.

पुढचं मला काकूंनी सांगितलं आणि बाईंनीही, म्हणून खात्रीने सांगतो. बाईंनी थंड कपाटातून लांबट पेटी काढली, टेबलावर ठेवली, वरचं प्लॅस्टिक सोडवलं. काकू दादा आणि पेटी यांच्या मध्ये उभ्या होत्या. दादा डावीकडे सरकला, त्याही सरकल्या. त्यांची नजर त्याच्या हातांवर होती, एखाद्या अनोळखी चालकाच्या हातांवर असावी तशी.

दादाच्या ते लक्षात आलं. त्याने आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत अडकवले. मग म्हणाला, "आता बघू देतेस?"

काकू बाजूला झाल्या.

तो वाकून बघत राहिला. पिवळट पट्ट्यावर त्याची नजर थांबली. मग बोलायला लागला, पण बहिणीकडे न बघता. निवळीच्या तळ्याची भिंत दुसऱ्याच पावसाळ्यात खचली. बांधायची तर कारखाना मोसमभर बंद ठेवावा लागला असता, आणि नुकती कुठे चूल पेटलेल्या घरांना परत बसा म्हणायचं कसं? म्हणून त्याने तळ्याला वळसा घालून नदीपर्यंत एक चर खणला. स्वतः खणला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एका पावसाळ्यापुरता. पुढच्या वर्षी भिंत बांधू, असं ठरलं. मग त्याच्या पुढच्या वर्षी.

"पाणी पिवळं दिसायचं," तो म्हणाला. "लोक विचारायचे. मी सांगायचो, वरची माती आहे. लोक ऐकायचे. दादा म्हणतोय ना."

दादाने बाईंना विचारलं, "यातला माझा किती, ते यंत्र सांगतं का?"

"नाही. वर्षं सांगतं फक्त."

"बरं," तो म्हणाला, आणि तिथल्या उंच स्टुलावर बसला. हात अजून पाठीमागेच होते. काकूंनी ते सोडवले. थंड पडले होते, म्हणून आपल्या हातांत धरून चोळले. मग पेटी बंद केली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं.

दादाने न्यायालयात सगळं सांगितलं. समितीच्या वकिलाने दावा सोडला, दुसरा वकील करावा लागला. पण चर कुठून कुठे होता हे सांगू शकणारा माणूस तो एकटाच उरला होता. झुडपांनी भरलेल्या उतारावर त्याने काठीने रेघ दाखवली. ती नदीला मिळते तिथे गाळाचा एवढा मोठा ढीग निघाला की बंधाऱ्याच्या आधी तिथेच काम सुरू करावं लागलं. तो ढीग दर पुरात थोडा थोडा सुटून खालच्या मळ्यांवर येत होता. तो सापडला नसता, तर बंधारा साफ करूनही फारसा उपयोग झाला नसता, असं बाई म्हणाल्या. निकालात सफाईच्या खर्चाचा मोठा वाटा कंपनीवर आला, कारण तिची वर्षं जास्त. उरलेला गावावर. त्यावरून गाव अजून भांडतंय, आणि सभागृहातला फोटो ठेवायचा की काढायचा यावरूनही. मुलांच्या रक्तातलं शिसं मागच्या तपासणीत थोडं उतरलं होतं. काकूंनी मात्र ती तपासणी कुठल्या यंत्रावर केली ते विचारून घेतलं.

वहिनी अजून काकूंशी बोलत नाहीत. दादा येतो. पूर्वी तो आला की काकू नुसती खुर्ची पुढे सरकवायच्या. आता विचारतात, कुठून आलास, कोण भेटलं, औषध खरंच घेतलंस का, रिकामी पट्टी दाखव. तो वैतागतो, आवाज चढवतो आणि शेवटी दाखवतो. परवा दोघं माझ्या दुकानासमोरून चालले होते. काकू त्याला कशावरून तरी फैलावर घेत होत्या आणि तो मान खाली घालून उत्तरं देत होता. मला बघून त्याने हात वर केला.

"बघताय ना," तो म्हणाला, "आता माझाही नंबर लागलाय."

"लागायलाच हवा होता," काकू म्हणाल्या, आणि त्याचा दंड धरून त्याला रस्ता ओलांडून घेऊन गेल्या.